भर दुपारी काळी काच



१५ सप्टेंबर २०२० रोजी वॉशिंग्टन येथे इस्रायल आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील करारावर सह्या झाल्या आणि दुबई-अबूधाबी ही नावे आपल्या कुटुंबांच्या प्रवासाच्या यादीत येऊन बसली. मुंबई-ठाण्याच्या नातलगांनी एका दिशेने यावे, आपण दुसऱ्या दिशेने जावे आणि मधल्या वाटेवर दोन-चार दिवस एकत्र घालवावेत, अशा भेटी त्यानंतर कित्येक घरांनी घडवून आणल्या. त्या भेटींची छायाचित्रे आमच्याकडे पाहावयास येतात, आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही येतात. त्यांतील एक प्रश्न इतक्या जणांनी विचारला की, यावेळचे सदर त्यासच द्यावे असे आम्ही ठरविले.

प्रश्न असा: दुबईच्या खाडीचे आम्ही काढलेले छायाचित्र पाहावे, तर पाणी चुरगळलेल्या पत्र्यासारखे दिसते, दुकानात विकत मिळणाऱ्या चित्रात मात्र तेच पाणी रेशमाच्या घडीसारखे मऊ, आणि धक्क्यावरची गर्दी जणू कोणी पुसून टाकलेली. अशी चित्रे पहाटे काढतात काय? की ही सारी संगणकाची किमया?

क्वचित पहाटे काढतात, क्वचित संगणकाचे साहाय्य घेतात. परंतु पुष्कळ वेळा ही चित्रे लख्ख उन्हात, लेन्सपुढे एक काळी काच लावून काढलेली असतात. तिला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात. व्यवहारात लोक तिला नुसते ‘एनडी’ म्हणतात. ही काच काय करते, कशी वापरावी, आणि ती हाती आल्यावर कोणता विवेक राखावा, हे आज सांगावयाचे आहे.

छायाचित्र म्हणजे कॅमेऱ्यात साठविलेला प्रकाश. वर्गात हा विषय निघाला की आम्ही घागरीचा दाखला देतो. घागर काठोकाठ भरली पाहिजे. कमी भरली तर चित्र काळवंडते, सांडली तर पांढरे फटक पडते. नळाची तोटी किती उघडावी हे लेन्सचे छिद्र ठरविते, नळ किती वेळ चालू ठेवावा हे शटर ठरविते, आणि घागर केवढी घ्यावी हे आयएसओ या आकड्यावर अवलंबून असते; आकडा लहान तितकी घागर मोठी. आता अमिरातीतील दुपारचे ऊन म्हणजे पुराचा लोंढा. तोटी अगदी बारीक केली आणि घागर मोठ्यात मोठी घेतली, तरी ती सेकंदाच्या शंभराव्या भागात भरून जाते. एवढ्या अल्प काळात लाट हलत नाही, माणसाचे पाऊल उचललेले असेल तर उचललेलेच राहते. म्हणून पाणी पत्र्यासारखे दिसते. आपणांस जर पाण्याची दहा सेकंदांची हालचाल एका चित्रात हवी असेल, तर नळ दहा सेकंद चालू ठेवूनही घागर सांडता कामा नये. यासाठी पाण्याची धारच क्षीण करावयास हवी, आणि काळी काच नेमके तेवढेच काम करते.

तिच्या नावातील ‘न्यूट्रल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ही काच तांबडा, हिरवा, निळा अशा सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात अडविते. निदान तसे करणे हे तिचे कर्तव्य असते. उन्हाच्या चष्म्याची काच रंगाची छटा पालटते. हिने तसे करू नये अशी अपेक्षा आहे. स्वस्त काचा ही अपेक्षा पुरती सांभाळीत नाहीत. त्यांतून तांबड्याच्या पलीकडचा अदृश्य उष्ण प्रकाश अधिक झिरपतो आणि चित्रावर तपकिरी झाक येते. कॅमेऱ्यात ‘रॉ’ प्रकारची नोंद ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी. ही झाक मग घरी बसून काढून टाकता येते.

आता थोडे गणित. भिण्याचे कारण नाही. दुपटीचा पाढा येत असला म्हणजे पुरे. प्रकाश निम्मा झाला की छायाचित्रकार त्यास एक ‘स्टॉप’ म्हणतात. एक स्टॉपची काच निम्मा प्रकाश आत सोडते, दोन स्टॉपची चौथा हिस्सा, तीन स्टॉपची आठवा, सहा स्टॉपची चौसष्टावा. दहा स्टॉपच्या काचेतून १०२४ वा हिस्सा तेवढा आत जातो. तिच्यावर सोयीसाठी नुसते १००० छापलेले असते. काही कारखानदार काचेवर ०.३, ०.९, १.८, ३.० असे घनतेचे आकडे छापतात. तेथे प्रत्येक ०.३ म्हणजे एक स्टॉप समजावा. म्हणजे ३.० ची काच आणि १००० ची काच एकच. दुकानात ३.० पाहून ती तीन स्टॉपची समजू नये.

जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम आजही खरा आहे: निरभ्र आकाशात सूर्य तळपत असता छिद्र एफ-१६ वर ठेवावे, आणि आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर. येथून हिशेब मांडू. तीन स्टॉपची काच लावली की शंभराव्या भागाच्या जागी आठपट वेळ, म्हणजे सेकंदाचा सुमारे बारावा भाग. सहा स्टॉपची लावली की चौसष्टपट, म्हणजे सेकंदाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. दहा स्टॉपची लावली की सुमारे दहा सेकंद. दहा आणि तीन अशा दोन काचा एकावर एक चढविल्या तर स्टॉपची बेरीज होते, पण वेळेचा गुणाकार होतो: तेरा स्टॉप, ८१९२ पट, म्हणजे ८२ सेकंद. छिद्र एफ-११ केले तर प्रत्येक वेळ निम्मी होईल. छिद्र फार बारीक केल्यास प्रकाशकिरण कडांपाशी पसरून चित्राची धार बोथट होते. म्हणून एफ-२२ पर्यंत जाण्यापेक्षा एफ-८ वा एफ-११ वर राहून गडद काच लावणे श्रेयस्कर.

कोणत्या वस्तूस किती वेळ द्यावा, हा पुढचा प्रश्न. दुबईची खाडी देरा आणि बर दुबई या दोन वस्त्यांमधून वाहते, आणि अब्रा नावाच्या लाकडी होड्या माणसांना या तीरावरून त्या तीरावर नेतात. अनेक वर्षे या फेरीचे भाडे एक दिरहॅम राहिले. धक्क्यावर उभे राहून अर्धा सेकंद शटर उघडे ठेवले तर अब्रा ओळखू येते, तिच्यामागे पाण्याची एक रेघ उमटते, आणि होडी चालली आहे हे पाहणाऱ्यास कळते. दहा सेकंद ठेवले तर अब्रेच्या जागी धूसर पट्टा उरतो. ८२ सेकंद ठेवले तर अब्रा नाहीच. समोरचा तीर, मिनार आणि मऊ पाणी एवढेच उरते. फुजैरा आणि खोर फक्कान हा अमिरातीचा पूर्व किनारा ओमानच्या आखाताकडे तोंड करून आहे. तेथे खडकावर लाट येत असेल तर अर्ध्या-एक सेकंदात परतणाऱ्या पाण्याचे पांढरे धागे दिसतात. तीस सेकंदांत खडकाभोवती धुके दाटल्याचा भास होतो. दोन्ही चित्रे खरी आहेत. पण एकात लाट आहे आणि दुसऱ्यात नाही.

प्रत्यक्ष कृती पुढीलप्रमाणे करावी. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर बसवावा. वाऱ्यात तो हलू नये म्हणून त्याच्या मधल्या आकड्यास पिशवी टांगावी. पण ती झुलती न ठेवता जमिनीस टेकलेली असावी. प्रथम काच न लावता चौकट ठरवावी, कारण दहा स्टॉपच्या काचेतून डोळ्यास फारसे काही दिसत नाही. लेन्सची स्पष्टता साधावी आणि मग स्वयंचलित सोय बंद करून ती हातच्या ताब्यात घ्यावी. नाही तर काळोखात कॅमेरा पुढे-मागे चाचपडत राहतो. काचेविना एक चाचणी-चित्र काढून शटरचा वेळ टिपावा, काचेच्या पटीने गुणावा, आणि मग काच हलक्या हाताने फिरवून बसवावी. तीस सेकंदांहून अधिक वेळ हवा असेल तर कॅमेरा ‘बल्ब’वर ठेवावा आणि शटर तारेच्या वा दूरच्या कळीने उघडावे. बोटाने दाबल्यास पहिल्याच क्षणी धक्का बसतो. आरशाच्या कॅमेऱ्यात मागच्या पाहण्याच्या खिडकीतूनही ऊन आत शिरते, यास्तव ती झाकावी. ज्यांच्या कपाटात अजून रिळाचा कॅमेरा आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की, एक सेकंदापलीकडे रिळाची ग्रहणशक्ती मंदावते; म्हणून हिशेबाहून अधिक वेळ द्यावा लागतो. किती अधिक, हे प्रत्येक रिळाच्या माहितीपत्रकात असते.

अमिरातीच्या हवेच्या काही खास अडचणी आहेत. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की लेन्सवर दव धरते. तो पिशवीतच बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या उष्णतेशी त्याची ओळख होऊ द्यावी. शमाल नावाचा वायव्येचा वारा बारीक वाळू घेऊन येतो. ती काचेच्या आट्यांत शिरली तर काच लेन्सवर घट्ट अडकून बसते, म्हणून बसविण्यापूर्वी आटे मऊ ब्रशने झाडावेत. कडक उन्हात कॅमेरा तापतो, आणि तापलेल्या कॅमेऱ्यात दीर्घकाळ शटर उघडे राहिले की चित्रात तांबडे-निळे ठिपके उमटतात. यावर उपाय म्हणून कॅमेरा शटर मिटल्यावर तेवढाच वेळ अंधाराचे एक चित्र घेऊन ते ठिपके वजा करू शकतो. म्हणजे ८२ सेकंदांच्या चित्रास आणखी ८२ सेकंद थांबावे लागते. कॅमेरा बिघडला असे समजून तो मध्येच बंद करू नये. चित्रांच्या मधल्या वेळात त्यावर पांढरा पंचा टाकून ठेवावा.

आता माणसे नाहीशी कशी होतात, ते पाहू. अबूधाबीच्या सादियात बेटावर दोन वास्तू आपल्या वाचकांच्या आवडीच्या आहेत. एक म्हणजे नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडलेले लूव्र अबूधाबी हे संग्रहालय. जाँ नूवेल या वास्तुशिल्पकाराने त्यावर १८० मीटर व्यासाचा जाळीदार घुमट घातला आहे आणि त्यातून उन्हाचे कवडसे पावसासारखे खाली उतरतात. दुसरी वास्तू म्हणजे २०२३ साली उघडलेले अब्राहमिक फॅमिली हाउस. डेव्हिड अजाये यांनी रचलेले, ३० मीटर बाजूचे तीन घनाकार. त्यांत एक मशीद, एक चर्च आणि आपल्या राम्बामचे नाव धारण करणारे मोशे बेन मायमोन सिनेगॉग. सिनेगॉगच्या बाहेरचे एकमेकांस छेदणारे तिरपे खांब पाहिले की सुक्कोथच्या मांडवावरील झावळ्या आठवतात, आणि वास्तुशिल्पकाराचा हेतूही तसाच होता. दोन्ही ठिकाणी दिवसभर पाहुण्यांची ये-जा असते. आत वा प्रांगणात ट्रायपॉड लावण्यापूर्वी परवानगी विचारावी. तेथील नियम व्यवस्थापकांकडूनच समजून घ्यावेत.

समजा, अशा प्रांगणात शटर १२० सेकंद उघडे आहे. एक पाहुणा चौकटीतून चालत गेला. कोणत्याही एका जागी त्याचे शरीर फार तर एक सेकंद होते. उरलेले ११९ सेकंद त्या जागेने मागच्या भिंतीचाच प्रकाश पाठविला. म्हणजे त्या जागेच्या नोंदीत पाहुण्याचा वाटा एकशेविसावा. डोळ्यास तो दिसत नाही. तोच पाहुणा एक मिनिट बाकावर बसला तर निम्मी नोंद त्याची, निम्मी भिंतीची. चित्रात तो आरपार दिसणाऱ्या छायेसारखा येतो. पूर्ण दोन मिनिटे स्थिर बसला तर तो संपूर्ण उमटतो. यास एक अपवाद आहे. गडद भिंतीपुढून पांढरा कंदुरा घातलेला गृहस्थ उन्हात गेला, तर त्याचा प्रकाश भिंतीहून कित्येक पटींनी प्रखर असल्यामुळे फिकट रेघ मागे राहते. काळ्या अबायातील स्त्री त्याच भिंतीपुढून गेली तर काहीच राहत नाही. म्हणजे ही काच रंगांना समान वागविते, माणसांना नाही. जो थांबला आणि जो उजळ होता, तो राहतो, बाकीचे जातात.

ही गोष्ट छायाचित्रकलेच्या जन्माइतकी जुनी आहे. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमध्ये आपल्या खिडकीतून बूलव्हार द्यु ताँप्ल या हमरस्त्याचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतले. दिवसाची वेळ, रहदारीचा रस्ता. तरीही चित्रात गाड्या नाहीत, घोडे नाहीत, वाटसरू नाहीत. त्या काळच्या पत्र्यास चित्र धरण्यास कित्येक मिनिटे लागत, आणि तेवढ्या वेळात सारी रहदारी पुसली गेली. डाव्या कोपऱ्यात मात्र एक मनुष्य दिसतो. तो बुटांना पॉलिश करवून घेण्यासाठी पाय उचलून थांबला होता. ज्याची छायाचित्रात नोंद झाली असा पहिला मनुष्य म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. पॉलिश करणारा त्याच्या पायाशीच होता. पण त्याचे हात आणि अंग हलत होते, म्हणून तो अस्पष्ट आला. काम करवून घेणारा स्पष्ट, काम करणारा अस्पष्ट! दागेर यांचा यात काही दोष नव्हता. त्यांच्या पत्र्यास दुसरे काही जमतच नव्हते. आपल्या हाती मात्र आज निवड आहे. सेकंदाचा हजारावा भाग टिपणारे यंत्र जवळ असता आपण मुद्दाम काळी काच लावून १८३८ चा संथपणा परत आणतो. तो कशासाठी आणावयाचा, हे आपणच ठरवावयाचे आहे.

हे सांगण्याचे कारण अमिरातीपुरते विशेष आहे. त्या देशात राहणाऱ्या दर दहा माणसांपैकी सुमारे नऊ परदेशांतून आलेली आहेत. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा जानेवारी २०१० मध्ये उघडला. तो आणि त्याच्या भोवतीचे नगर ज्या हातांनी उभे केले, त्यांतील फार मोठा वाटा भारतीय उपखंडातून आलेल्या कामगारांचा आहे. खाडीतील अब्रा हाकणारे नावाडीही बहुधा तिकडचेच. मुंबईशी या किनाऱ्याचे नाते तर इतके निकटचे की, १९६६ पर्यंत तेथे आपल्या रिझर्व्ह बँकेचा रुपया चालत असे. १९५९ पासून त्याच्यासाठी खास आखाती रुपयाच काढला होता. आता असे पाहा: या देशात भर दुपारी कोण चालत असते, कोण हलत असते? काम करणारा. आणि स्थिर काय असते? इमारत. तेव्हा प्रत्येक चित्र जर आपण दोन मिनिटांचे काढू लागलो, तर आपल्या संग्रहात मनोरे राहतील आणि ते उभारणारे एकही राहणार नाहीत. चित्र सुंदर होईल. पण त्यातून त्या गावाची हकीकत निघून गेलेली असेल.

इतरांनी हे मनावर घेतले नाही तरी चालेल, आपण घ्यावे. मोठ्या चित्रातून पुसले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. या देशात आल्यावर विवाहाच्या वेळी आपल्या यहूदीपणाविषयी शंका काढल्या गेल्या, तेव्हा १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या समाजाची माणसे, बायकामुलांसह, यरुशलेममध्ये ठाण मांडून बसली. येणारे-जाणारे येत-जात राहिले. ती उठली नाहीत. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहूदी आहेत असा ठराव केला. ती माणसे थांबली म्हणून दिसली. परंतु प्रत्येकास थांबण्याची सवड असतेच असे नाही. रोजंदारीवरच्या माणसास ती नसते. त्याच्या वतीने शटर लवकर मिटणे, हे कॅमेरा धरणाऱ्याचे काम आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, एका जागेची तीन चित्रे घ्यावीत. पहिले काच न लावता, जसे दिसते तसे. दुसरे तीन वा सहा स्टॉपची काच लावून, ज्यात माणूस ओळखू येतो आणि त्याची गतीही दिसते. तिसरे गडद काचेचे, निवांत. तिन्ही जवळ ठेवावीत. पुढे मुलानातवंडांना दाखविताना तिसरे एकटे दाखवू नये. नावाड्याचे चित्र हवे असेल तर त्यास विचारावे; हिंदीत विचारले तरी तेथे बहुधा चालते.

याच काचेचा एक उपयोग मात्र मनुष्यास ठळक करण्यासाठी आहे, आणि तो कुटुंबांनी अवश्य करून पाहावा. धक्क्यावरच्या वा बाजारातल्या गर्दीच्या मध्यभागी घरातील एका व्यक्तीस उभे करावे. आजीबाई असतील तर त्यांना खुर्ची द्यावी. सहा स्टॉपच्या काचेने एक-दोन सेकंदांचे चित्र घ्यावे. छिद्र एफ-१६ वर असता उन्हात दोन-तृतीयांश सेकंद मिळतो, सावलीत सहज दोन सेकंद. तेवढा वेळ त्या व्यक्तीने श्वास रोखून नजर स्थिर ठेवावी. भोवतालची गर्दी प्रवाहासारखी वाहून जाते, आणि मधोमध आपली आजी स्पष्ट उरते. आपल्या घरच्या जुन्या चित्रांत पणजोबा ताठ बसलेले आणि गंभीर का दिसतात, याचाही उलगडा मुलांना या निमित्ताने होईल. जुन्या काळी चित्र निघण्यास वेळ लागे; हसू तितका वेळ टिकत नाही, म्हणून लोक हसत नसत, आणि तीच रीत पुढे अंगवळणी पडली.

आता दोन गोष्टी ज्यांत हयगय चालणार नाही.

पहिली कायद्याची. अमिरातीत लष्करी ठाणी, सुरक्षेच्या जागा व तत्सम सरकारी इमारती यांची छायाचित्रे घेऊ नयेत. परक्या माणसाचे, विशेषतः स्त्रियांचे व कुटुंबांचे, छायाचित्र संमतीवाचून घेऊ नये. २०२१ साली तेथे झालेल्या सायबर गुन्ह्यांविषयीच्या ३४ क्रमांकाच्या संघीय कायद्यात, दुसऱ्याच्या खाजगी जीवनात शिरकाव करून त्याचे छायाचित्र काढणे वा पसरविणे हा गुन्हा ठरविला आहे. दीर्घ वेळेच्या चित्रात चेहरे राहत नाहीत हा या बाबतीत एक लाभच म्हणावा. परंतु ट्रायपॉड लावून उभा राहिलेला मनुष्य लोकांच्या नजरेत भरतो, तेव्हा कोणी हटकल्यास वाद न घालता कॅमेरा बाजूस करावा. प्रवासास निघण्यापूर्वी आपल्या सरकारने त्या देशाविषयी दिलेल्या सुरक्षा-सूचना वाचाव्यात व त्यांचे पालन करावे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची, आणि ती मुलांच्या आईबापांनी विशेष लक्षात घ्यावी. काळी काच हाती आली की मुलांना तिच्यातून सूर्य पाहण्याचा मोह होतो. २६ डिसेंबर २०१९ रोजी अमिरातीच्या पश्चिम भागात, लिवाच्या वाळवंटात, सूर्योदयानंतर कंकणाकृती ग्रहण दिसले होते. २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास ग्रहण लक्सर व जेद्दा या बाजूंनी जाणारे असून इस्रायल व अमिराती येथे ते खंडग्रास आहे. अशा वेळी हा मोह आणखी वाढतो. सूर्य पाहण्यासाठी लागणारी काच प्रकाशाचा सुमारे एक लाखावा हिस्साच आत सोडते. आपली दहा स्टॉपची काच हजारावा हिस्सा सोडते, म्हणजे शंभरपट अधिक; शिवाय अदृश्य उष्ण किरण तिच्यातून किती जातात याची हमी नसते. डोळ्याच्या पडद्यास वेदना होत नाही, म्हणून इजा झाल्याचे तत्क्षणी कळतही नाही. तेव्हा एनडी काचेतून, एक असो वा दोन जोडलेल्या असोत, डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये. ग्रहणासाठी आयएसओ १२३१२-२ असा शिक्का असलेले चष्मे मिळतात. ते न चिरलेले व न फाटलेले पाहून घ्यावेत, आणि ते घालून कॅमेऱ्यातून वा दुर्बिणीतून मात्र पाहू नये.

खर्चाविषयी थोडेसे. तिन्ही काचा एकदम घेण्याची आवश्यकता नाही; प्रथम सहा स्टॉपची एक चांगली काच घ्यावी. ती आपल्या सर्वांत रुंद लेन्सच्या मापाची घेतली तर जोड-कडी लावून इतर लेन्सवरही बसते. फिरवून गडद-फिकी करता येणारी एक काच मिळते. तिच्यात दोन पोलरायझर एकमेकांवर असतात, आणि अति गडद केल्यास रुंद चित्रावर फुलीच्या आकाराचा काळा डाग पडतो, हे जाणून ती घ्यावी. ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे त्यांनीही निराश होऊ नये. कित्येक मोबाइल अनेक चित्रे एकामागून एक घेऊन त्यांची सरासरी काढतात, आणि पाणी मऊ दिसू लागते. काच नसली तरी गणित तेच आहे.

सरावासाठी दुबईपर्यंत जावयास नको. अश्दोदचा किनारा आहे, अश्केलोनचा आहे. सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांना नवगावचा आहे. आपले पूर्वज ज्या किनाऱ्यास लागले अशी परंपरा सांगते, तेथील भरतीच्या पाण्यावर अर्धा सेकंद, दहा सेकंद आणि ऐंशी सेकंद यांतील भेद अर्ध्या तासात समजून येतो. शब्बाथ पाळणाऱ्यांस कॅमेरा त्या दिवशी पेटीतच ठेवावयाचा आहे, हे आम्ही सांगावयास नको.

ज्या वाचकांनी अशी चित्रे काढली असतील त्यांनी ती अवश्य पाठवावीत. प्रत्येक चित्रामागे जागा, तारीख, छिद्र आणि शटरचा वेळ सुवाच्य अक्षरात लिहावा. आणि चित्र काढते वेळी चौकटीत कोण कोण होते, पण उमटले नाही, तेही लिहावे. ती ओळ आम्ही चित्राखाली छापू.